लंडनचं पाणी आणि कोरा चहा

लंडनला नवीन आलेल्यांची पहिल्या महिन्यातली तक्रार ठरलेली: "इथली चहापत्ती बेकार आहे." मग आई-बाबा येताना बॅगेत किलोभर पत्ती आणतात, तरी कोऱ्या चहावर तोच तपकिरी तवंग आणि चव तशीच मचूळ. मीही दोन वर्षं पत्त्याच बदलत बसलो होतो. खोट पाण्यात आहे.

इथल्या जमिनीखाली खडूचा दगड आहे. त्यातून झिरपलेलं पाणी कॅल्शियम घेऊनच नळाला येतं. बऱ्याच भागात लिटरमागे 250 मिलिग्रॅमहून जास्त क्षार असतात. मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर वाढलेल्यांना किटलीतला पांढरा थर लगेच ओळखीचा वाटेल, भातसा-तानसाचं पाणी प्यायलेल्या मुंबईकरांना मात्र तो चमत्कार वाटतो. दूध, आलं, साखर घालून उकळलं की हे बरंचसं झाकून जातं. कोऱ्या चहात लपायला जागा नाही.

सोपा उपाय फिल्टरच्या जगचा. आतलं कार्ट्रिज साधारण महिन्याने बदला, नाहीतर तो नुसता शोभेचा जग. जग नसेल तर पाणी पातेल्यात पाचेक मिनिटं खळखळ उकळा, थोडं थांबा. क्षारांचा बराचसा भाग तळाशी बसतो. वरचं पाणी अलगद ओतून घ्या आणि पुन्हा उकळी आणा. कपभर पाण्याला चमचाभर पत्ती, वर झाकण, चार मिनिटं. पत्ती पाण्याबरोबर उकळायची आपली सवय इथे सोडा, चहा नुसता कडू होतो. दार्जिलिंगसारखी नाजूक पत्ती अशा जड, म्हणजे क्षारांच्या पाण्यात वाया जाते, त्यापेक्षा दणकट आसाम घ्या. दुकानात खास 'हार्ड वॉटर' लिहिलेली यॉर्कशायर टीची पाकिटंही मिळतात. घाईत असाल तर लिंबाचे चार थेंब पिळा: तवंग जातो, पण रंगही फिका पडतो. मला तो चहा सरबताकडे झुकलेला वाटतो, आमच्या घरात यावर एकमत नाही.

किटली महिन्यातून एकदा लिंबूसत्त्व घातलेल्या पाण्याने उकळून स्वच्छ धुवा. भाड्याच्या घरातली किटली असेल तर पहिल्याच दिवशी.

आणि मँचेस्टरला बदली झाली तर हे सगळं विसरा. तिथे तलावांचं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी येतं. लंडनच्या हाताने पत्ती टाकलीत तर चहा इतका कडक होईल की पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होईल.