ड्राइव्हवेच्या कडेला सोनेरी खांब: ‘प्रिन्स्टन सेंट्री’ गिंको कसा लावावा

न्यू जर्सीत आपल्यापैकी अनेकांची गत सारखीच: अंगण बेताचं, हौस दांडगी. मेपल देखणा खरा, पण पसरला की शेजाऱ्याच्या छपरावर जातो. अशा चिंचोळ्या जागेसाठी मी ‘प्रिन्स्टन सेंट्री’ गिंको सुचवेन: खांबासारखं सरळ वाढणारं, फॉलमध्ये पिवळंधमक होणारं झाड. हा वाण इथल्याच प्रिन्स्टन नर्सरीजचा. उंची ४० ते ६० फूट, घेर साधारण १५-२० फूट, तोही कित्येक वर्षांनी. मेपलच्या लाल पानांचा रंग उन्हा-थंडीच्या मर्जीवर असतो. गिंकोचं पिवळं द्रव्य पानात आधीपासूनच असतं, हरितद्रव्य ओसरलं की दिसू लागतं. त्यामुळे तो सहसा दगा देत नाही.

घेताना कलमी आणि नावाची चिठ्ठी असलेलंच रोप घ्या. हा वाण नर आहे. बियांपासूनचं झाड नर की मादी हे कळायला वीसेक वर्षं जातात, आणि मादीच्या फळांना नासक्या लोण्यासारखा वास येतो.

लावणी एप्रिलमध्ये करा. जागा दिवसभर उन्हाची, पाणी न साचणारी आणि भिंतीपासून निदान १०-१२ फूट लांब हवी. खणण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करा. जमिनीतल्या गॅस आणि विजेच्या लाइनींवर फुकट खुणा करून देतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. गोल फिरलेली मुळं कापा. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं, तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. माझं पहिलं झाड मी तुळशीच्या मायेनं खोल पुरलं, वर खोडाला चिकटवून मल्चचा (लाकडाच्या चुऱ्याचा) ढीग केला. तिसऱ्या वर्षी गेलं. मल्च दोन-तीन इंच पुरे, आणि खोडाभोवती हातभर जागा मोकळी.

पहिले दोन उन्हाळे पाऊस नसेल तर आठवड्याला दहाएक गॅलन पाणी सावकाश मुरू द्या. शेंडा छाटू नका. फॉलमध्ये हरणं शिंगं घासतात, म्हणून खोडाला जाळी लावा.

सुरुवातीची चार-पाच वर्षं झाड काडीसारखं, केविलवाणं दिसेल. पाहुणे विचारतीलच.

मग नोव्हेंबरात एका रात्री कडक दंव पडतं आणि सकाळी वारा नसतानाही पंख्याच्या आकाराची पानं टपटप गळत राहतात. बहुतेक झाड दिवसभरात रिकामं होतं. फोटो आदल्या दिवशीच काढून ठेवा, आणि ड्राइव्हवे त्याच संध्याकाळी झाडून घ्या. ओल्या पानांवरून पाय सटकतो.