बचावपटू ते प्रशिक्षक: फारुक हाजीबेगिच यांची कारकीर्द कशी अभ्यासावी

परदेशी फुटबॉलपटूंविषयी मराठीत गांभीर्याने लिहू पाहणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे आणि त्यासाठी उदाहरण म्हणून फारुक हाजीबेगिच यांची कारकीर्द मुद्दाम निवडली आहे. सारायेव्होचा हा बचावपटू पुढे प्रशिक्षक झाला आणि फ्रान्स, स्पेन, माँटेनेग्रो व बोस्निया येथील संघांची सूत्रे त्याने सांभाळली. तरीही त्याच्याविषयीचे बहुतेक लेखन 30 जून 1990 रोजी फ्लोरेन्समध्ये, विश्वचषकाच्या अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात, हुकलेल्या एका पेनल्टीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. हा त्या माणसावर अन्याय आहेच, शिवाय त्यामुळे वाचकाला फुटबॉलही कळत नाही. तेव्हा त्या पेनल्टीचे टिपण शेवटी काढावे. आधी तिच्या अवतीभवतीची माहिती क्रमाने गोळा करावी.

सुरुवात देशापासून करावी, कारण या कारकिर्दीत देशच बदलत गेला. हाजीबेगिच यांचा जन्म 7 ऑक्टोबर 1957 रोजी सारायेव्होत झाला, तेव्हा ते शहर युगोस्लाव्हियातील बोस्निया-हर्झेगोव्हिना या प्रजासत्ताकाची राजधानी होते. खेळाडू म्हणून ते केवळ युगोस्लाव्हियाकडून खेळले. स्वतंत्र बोस्नियाच्या संघाने पहिला अधिकृत सामना 30 नोव्हेंबर 1995 रोजी तिरानात अल्बेनियाविरुद्ध खेळला, तोवर त्यांची खेळण्याची वर्षे संपली होती. म्हणून ‘बोस्नियाचा आंतरराष्ट्रीय खेळाडू’ असे लिहिणे चुकीचे ठरते, आणि ‘युगोस्लाव्ह’ एवढेच लिहून पुढे जाणे अपुरे ठरते. कागदावर दोन समांतर रेषा काढाव्यात, एकीवर क्लबची वर्षे आणि दुसरीवर त्या त्या वर्षी त्या भूमीवर कोणते राज्य होते ते नोंदवावे. ही साधी तयारी केली की पुढचे निम्मे गोंधळ आपोआप टळतात.

त्यानंतर त्या काळचे नियम पाहावेत. युगोस्लाव्हियातील खेळाडूंना साधारण 28 वर्षांचे होईपर्यंत परदेशी क्लबकडे जाता येत नसे. हाजीबेगिच 1985 मध्ये स्पेनच्या रेआल बेतिसकडे गेले तेव्हा ते अठ्ठाविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. हा नियम ठाऊक नसेल तर ‘उशिरा बहरलेला खेळाडू’ असा निष्कर्ष सहज निघतो आणि तो साफ खोटा असतो. उलट याच नियमामुळे त्या पिढीची उत्तम वर्षे देशातल्या लीगमध्येच खर्च होत आणि ती लीग युरोपातील चुरशीच्या लीगपैकी एक बनली होती.

सारायेव्होमधील वर्षांवर घाई करू नये, कारण माझ्या मते सगळ्या कारकिर्दीचा पाया तिथेच आहे. एफके सारायेव्हो हा बेलग्रेड, झाग्रेब आणि स्प्लिटच्या बड्या क्लबांपुढे लहान मानला जाई. त्याने 1966-67 मध्ये पहिले विजेतेपद मिळवले होते आणि दुसरे मिळाले 1984-85 मध्ये, प्रशिक्षक बोश्को आंतिच यांच्या हाताखाली. त्या संघात हाजीबेगिच यांच्यासह बचावपटू दावोर योझिच आणि पुढच्या फळीत प्रेद्राग पाशिच व हुसरेफ मुसेमिच होते. त्याच हंगामात शहरातला दुसरा क्लब झेल्येझ्निचार, इवित्सा ओसिम यांच्या मार्गदर्शनाखाली, यूईएफए चषक या युरोपीय क्लब स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला होता, आणि त्याआधी जेमतेम वर्षभरापूर्वी, फेब्रुवारी 1984 मध्ये, याच शहरात हिवाळी ऑलिंपिक झाले होते. अभ्यासकाने हे तीन प्रसंग एकत्र मांडून पाहावेत. 1985 मधील सारायेव्हो हे आत्मविश्वासाने भरलेले शहर होते हे त्यातून दिसते, आणि सात वर्षांनी युद्धात त्याच शहराला वेढा पडला तेव्हा नेमके काय हरवले याचे मोजमाप करता येते.

बेतिसमधील दोन हंगाम थोडक्यात आटोपावेत. 1987 ते 1994 या सोशोमधील सात वर्षांकडे मात्र नीट पाहावे. पूर्व फ्रान्समध्ये माँबेलियारजवळ असलेला हा क्लब प्यूजो मोटार कारखान्याच्या आश्रयाने 1928 मध्ये उभा राहिला. हाजीबेगिच आणि झेल्येझ्निचारचे मध्यरक्षक मेहमेद बाझदारेविच एकाच उन्हाळ्यात तिथे दाखल झाले तेव्हा संघ नुकताच दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. पहिल्याच हंगामात, युगोस्लाव्ह प्रशिक्षक सिल्व्हेस्टर ताकाच यांच्या हाताखाली, संघ पुन्हा पहिल्या श्रेणीत आला आणि 1988 च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, जिथे मेट्झकडून तो पेनल्टी शूटआउटमध्ये हरला. घसरलेल्या संघाला उभे करण्याचा हा अनुभव पुढे प्रशिक्षकाच्या कामात वारंवार उपयोगी पडणार होता, म्हणून त्याची वेगळी नोंद ठेवावी. 1994-95 चा एक हंगाम तुलूझमध्ये काढून त्यांनी खेळ थांबवला.

आता आकड्यांचा प्रश्न. हाजीबेगिच यांच्या नावावर युगोस्लाव्हियासाठी 61 सामने आणि 6 गोल आहेत. आघाडीपटूचे मोल गोलांवरून काही अंशी तरी समजते. बचावपटूच्या बाबतीत हे आकडे जवळजवळ मुके असतात, कारण त्याच्या कामाचे यश म्हणजे न घडलेली घटना. त्यामुळे त्याला समजून घ्यायचे तर सामन्याचे पूर्ण चित्रीकरणच पाहावे लागते. क्षणचित्रे पाहून उपयोग नाही. 1990 च्या विश्वचषकातील अर्जेंटिनाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना यासाठी सर्वांत योग्य आहे. माराडोना यांच्यावर नजर ठेवण्याचे काम सोपवलेले रेफिक शाबानाजोविच 31 व्या मिनिटाला दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे बाहेर गेले आणि त्यानंतर जवळपास 90 मिनिटे, फ्लोरेन्सच्या उन्हात, युगोस्लाव्हिया दहा जणांनिशी विद्यमान विश्वविजेत्यांशी खेळला. तरीही 120 मिनिटांनंतर फलक 0-0 असाच होता. चेंडूवरून नजर काढून मागच्या फळीवर ठेवावी: रेषा केव्हा वर सरकते, कोण कोणाची मोकळी झालेली जागा भरतो, आणि चेंडू मिळाल्यावर तो नुसता उडवून न देता संघाचे सर्वोत्तम खेळाडू स्तॉयकोविच यांच्यापर्यंत कसा पोहोचवला जातो. ओसिम आता युगोस्लाव्हियाचे प्रशिक्षक होते; त्यांच्या संघात बचावपटूंकडूनही खेळ रचण्याची अपेक्षा असे, आणि पुढे प्रशिक्षक होणाऱ्या माणसाची दृष्टी अशाच अपेक्षांतून घडते असे मला वाटते.

हे सारे पाहून झाल्यावरच पेनल्टीकडे यावे, आणि तिथेही पूर्ण क्रम लिहावा. अर्जेंटिनाच्या सेरिझुएला यांनी गोल केला, युगोस्लाव्हियाच्या स्तॉयकोविच यांचा फटका आडव्या खांबावर आदळला. बुरुचागा आणि प्रोसिनेच्की यांनी गोल केले. माराडोना यांचा फटका युगोस्लाव्हियाचे गोलरक्षक इवकोविच यांनी अडवला आणि सावीचेविच यांनी बरोबरी साधली. त्रोलियो यांचा चेंडू खांबाला लागला, तर ब्रनोविच यांचा अर्जेंटिनाचे गोलरक्षक गॉयकोचेया यांनी थोपवला. देसोत्ती यांनी गोल केला आणि पाचव्या क्रमांकावर आलेल्या हाजीबेगिच यांचा फटका पुन्हा गॉयकोचेया यांनीच अडवला. युगोस्लाव्हिया 2-3 असा हरला. म्हणजे युगोस्लाव्हियाच्या तीन पेनल्टी हुकल्या, त्यांपैकी एक त्या संघाच्या सर्वोत्तम खेळाडूची होती, आणि खुद्द माराडोनाही चुकले. याला आणखी एक नोंद जोडावी, जी बहुतेक लेखांत सापडत नाही: याच स्पर्धेत कोलंबियाविरुद्ध हाजीबेगिच यांची पेनल्टी गोलरक्षक रेने हिगिता यांनी अडवली होती आणि तो सामना योझिच यांच्या गोलवर युगोस्लाव्हियाने 1-0 असा जिंकला होता. सोळा दिवसांपूर्वी हुकलेला माणूस निर्णायक क्षणी पुन्हा चेंडूकडे चालत जातो, यातून त्याचा स्वभाव जितका कळतो तितका तो निकालातून कळत नाही.

‘ती पेनल्टी लागली असती तर देश टिकला असता’ हा विचार बाल्कन भागात आजही बोलला जातो. तो एक लोकभावना म्हणून अवश्य नोंदवावा, कारण तिच्यामागची वेदना खरी आहे. इतिहासाचे कारण म्हणून मात्र तो लिहू नये. 13 मे 1990 रोजी झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर झाग्रेबचा दिनामो आणि बेलग्रेडचा रेड स्टार या क्लबांच्या समर्थकांत दंगल उसळली होती. 3 जून रोजी त्याच शहरात नेदरलँड्सविरुद्धच्या सराव सामन्यात प्रेक्षकांनी स्वतःच्याच राष्ट्रगीताची हुर्यो उडवली होती. संघ इटलीला पोहोचण्यापूर्वीच तडे गेलेले होते. 1992 च्या वसंतात सारायेव्होला वेढा पडला, 23 मे रोजी ओसिम यांनी राजीनामा दिला आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे युगोस्लाव्हियाला 1992 च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतून वगळण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली. हा कालक्रम मांडला की कोणत्याही एका बचावपटूच्या पायावर देशाचे ओझे टाकण्याची गरज उरत नाही.

प्रशिक्षकाचा भाग लिहिताना सर्वांत मोठी चूक होते ती विजयाच्या टक्केवारीमुळे. हाजीबेगिच यांना अनेकदा बोलावले गेले ते संकटात. अशा माणसाच्या तक्त्यात नेहमीच्या रकान्यांशिवाय आणखी दोन रकाने हवेत: आधीचा प्रशिक्षक का गेला, आणि ताबा घेताना संघ कुठे होता. 1999-2000 च्या हंगामात बेतिसने खूस हिडिंक यांना दूर केल्यानंतर शेवटचे काही सामने त्यांच्याकडे आले आणि संघ खाली घसरला. 2009-10 मध्ये फ्रान्सच्या बास्तिया क्लबची सूत्रे त्यांच्याकडे हंगाम सुरू झाल्यानंतर आली, तोही घसरला. 2010 मध्ये आर्ल-आविन्याँ हा क्लब प्रथमच फ्रान्सच्या अव्वल श्रेणीत आला होता, सुरुवातीच्या पराभवांनंतर मिशेल एस्तेव्हाँ यांच्या जागी हाजीबेगिच आले आणि संघ शेवटच्या स्थानावरच राहिला. नुसत्या यादीत हे सलग अपयश दिसते. दोन रकाने भरल्यावर मात्र दिसतो तो बुडत्या संघाची जबाबदारी पुन्हा पुन्हा स्वीकारणारा माणूस. भारतीय वाचकांना हीच पद्धत इगोर श्तिमाच यांच्यासाठीही वापरता येईल, कारण तेही युगोस्लाव्हियात घडलेले बचावपटू होते आणि 2019 ते 2024 या काळात भारताचे प्रशिक्षक होते.

ही पद्धत सर्वाधिक उपयोगी ठरते ती माँटेनेग्रोच्या बाबतीत. जून 2019 मध्ये प्रशिक्षक ल्युबिशा तुंबाकोविच यांनी कोसोव्होविरुद्धच्या सामन्यावर बहिष्कार घातला आणि त्यांना पदावरून काढण्यात आले. जुलैमध्ये हाजीबेगिच आले. नोव्हेंबरमध्ये वेम्बलीवर इंग्लंडने माँटेनेग्रोला 7-0 असे हरवले. केवळ हा निकाल पाहणारा तिथेच पान उलटेल. पण वर्षभराने त्याच संघाने नेशन्स लीग या युरोपीय राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या तिसऱ्या श्रेणीतील आपला गट जिंकून दुसऱ्या श्रेणीत बढती मिळवली. त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही, हेही त्याच ओळीत लिहावे.

बोस्नियाच्या राष्ट्रीय संघासाठी दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात, त्या एकत्र करू नयेत. 1999 मध्ये त्यांनी संघ सांभाळला तेव्हा युद्ध संपून चार वर्षेही झाली नव्हती. जानेवारी 2023 मध्ये ते परतले तेव्हा बोस्निया 2014 चा विश्वचषक खेळून आलेला, अपेक्षांनी भारलेला देश होता. 23 मार्च रोजी झेनित्सात आइसलँडवर 3-0 असा विजय मिळाला आणि आशा उंचावल्या; त्यानंतर स्लोव्हाकियाकडून 0-2, पोर्तुगालकडून 0-3 आणि झेनित्सातच लक्झेंबर्गकडून 0-2 असे तीन पराभव झाले. ऑगस्टपर्यंत मेहो कोद्रो त्यांच्या जागी आले होते. कोद्रो आणि त्यांच्यामागून आलेले सावो मिलोशेविच यांचा कार्यकाळही अल्प ठरला आणि 2024 मध्ये सेर्गेई बार्बारेझ यांची नेमणूक झाली. म्हणून हाजीबेगिच यांच्या चार सामन्यांपुढे या दोघांचे निकालही मांडावेत, आणि प्रशिक्षकाच्या अपयशाइतकीच तो नेमणाऱ्या महासंघाच्या घाईचीही चर्चा करावी.