शॉर्टवेव्हवर ऐकू आलेलं विमान कोणतं?

ठाण्यात किंवा ऐरोलीत रात्री रेडिओ फिरवताना ५६५८, ८८७९ किंवा १००१८ किलोहर्ट्झवर तुटक इंग्रजी बोलणं सापडलं, तर बहुधा अरबी समुद्रावरचं विमान 'मुंबई रेडिओ' या जमिनीवरच्या हवाई वाहतूक केंद्राशी बोलत असतं. आधी रेडिओ अप्पर साइडबँड (USB) या मोडवर घ्या. एएमवर नुसती गुरगुर ऐकू येते.

मग कॉलसाइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, पकडा. 'स्पीडबर्ड' म्हणजे ब्रिटिश एअरवेज. नाव निसटलं तरी हरकत नाही, पुढे पोझिशन रिपोर्ट येतो: ठिकाण, वेळ, उंची, पुढचं ठिकाण, याच क्रमाने. 'फ्लाइट लेव्हल थ्री फाइव्ह झीरो' म्हणजे ३५,००० फूट. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. ठिकाण म्हणजे हवाई मार्गावरच्या बिंदूचं पाच अक्षरी नाव, ते जसं ऐकू येईल तसं लिहा; खरा धागा तोच. 'सेलकॉल चेक' (एकाच विमानाला बोलावणाऱ्या सुरांची चाचणी) म्हणाले, की चार अक्षरं टिपा, लगेच घंटीसारखे दोन सूर वाजतील. ही अक्षरं सहसा विमानाला जोडलेली असतात, उड्डाण क्रमांकाला नाही.

आता फ्लाइट ट्रॅकिंगच्या ॲपवर वेळ आणि उंची जुळवा. समुद्रावर विमान दिसत नसेल, तर ते किनाऱ्याजवळ येईपर्यंत थांबा. ६६७६ किंवा ११३८७ वर एकच आवाज विमानतळांचं हवामान वाचत असेल, तर ते विमान नव्हे, व्होल्मेट, म्हणजे विमानांसाठीचं हवामान प्रसारण.