डोंबिवलीत रहायला जायचं की नाही, हे ठरवायचं कसं

ओळखीतल्या दोघींनी गेल्या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला, की आम्ही डोंबिवलीला यावं का, तिकडे म्हणे सगळं पायी चालत जाऊन करता येतं. मी विक्रोळीहून इकडे आले त्याला नऊ वर्षं झाली, रोज फोर्टला जाते, म्हणून मला विचारणं साहजिकच आहे, पण फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नाहीये म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा. अगदी प्रत्येकाचं, सासू-सासरे, मुलं, सगळी. नावापुढे लिहायचं की हा माणूस दिवसाचे किती तास घराबाहेर असतो आणि त्यातलं पायी किती. हे मी का सांगतेय, तर आपण घर बघतो तेव्हा नोकरी करणारा माणूस एकटाच हिशोब करतो, लोकल किती, पास किती, ईएमआय किती. पण अशा गावात चालत फिरता येण्याचं सुख ज्याला मिळतं तो एक माणूस असतो आणि प्रवासाचे तास ज्याचे जातात तो दुसराच असतो. आमच्याकडे हे अगदी स्पष्ट झालं. विक्रोळीला आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मोठा रस्ता ओलांडायच्या भीतीने एकट्या खाली उतरायच्याच नाहीत, दूध, भाजी, डॉक्टर, सगळ्याला कोणीतरी बरोबर लागायचं. इकडे आल्यावर दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसमधून घरी आले तर ओट्यावर अळूची गड्डी आणि एक सोनचाफ्याचं फूल. मी म्हटलं, "आई, कोण आलं होतं?" तर म्हणाल्या, "कोणी नाही गं, मीच गेले होते, गणपतीला जाऊन फडके रोडवरून सावकाश आले." सावकाश आले, हे सांगताना त्यांचा चेहरा जो होता तो मी विसरणार नाही. मुलगी शाळेला, क्लासला पायी जाते. आणि मी विक्रोळीहून पाऊण तासात ऑफिसला पोचायचे ती आता सकाळी सव्वासातला निघते आणि रात्री आठ वाजून जातात घरात यायला. म्हणजे त्या दोघींना मिळालं आणि माझे रोजचे दोन तास वाढले. हे आम्ही बसून बोललो, सकाळचे डबे आणि मुलीचा अभ्यास नवऱ्याने घेतला, मग कुठे जमलं. तुमच्याकडे हे बोलणं आधी झालं पाहिजे, सामान हलवल्यावर नाही.

आता प्रवास. डोंबिवली सीएसएमटीपासून साधारण ४८ किलोमीटर, फास्ट लोकलने सव्वा तासाच्या आत, स्लोने दीड तासाच्या आसपास. पण हे आकडे धरून ठरवू नका, तुमचं ऑफिस कुठे आहे त्यावर सगळं आहे. फोर्ट, भायखळा, दादर असेल तर एक गाडी, बदलायची गरज नाही, हे सोसण्यासारखं आहे. अंधेरीकडे असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो, ती २०१४ पासून आहे आणि चांगली आहे, पण घाटकोपरच्या पुलावरची सकाळची गर्दी एकदा बघून या, आणि दोन्ही बाजूचं चालणं धरून पावणेदोन-दोन तास होतातच. बीकेसीवाल्यांना, म्हणजे वांद्रे कुर्ला कॉम्प्लेक्समध्ये ऑफिस असलेल्यांना, कुर्ल्याला उतरून परत रिक्षा नाहीतर बस. ऐरोली, घणसोली असेल तर ठाण्याला बदलून ट्रान्स हार्बर मार्गाची लोकल, मला विचाराल तर डोंबिवलीकरांना यातलं हेच सगळ्यात झेपणारं आहे. आणि कोणी म्हणालं की आपली गाडी आहे, शीळफाट्यावरून जाऊ, तर एकदा संध्याकाळी कल्याण शीळ रोडवर उभं राहून बघा. ठाण्याकडे जायला आता पश्चिमेचा मोठागाव माणकोली पूल झालाय, त्याने बराच वळसा वाचतो, पण तो गाडीवाल्यांसाठी, लोकलची गर्दी त्याने कमी होत नाही.

गर्दीबद्दल मी गोड काही लिहिणार नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात उभी असलेली माणसं गाडीतून पडली, त्यातली काही गेली, तो आमचाच रोजचा मार्ग. त्या दिवशी आमच्या डब्यात संध्याकाळी कोणी बोलत नव्हतं. ठाणे दिवा पाचवी सहावी लाईन २०२२ मध्ये सुरू झाली तरी सकाळी आठच्या सुमाराला फास्टमध्ये चढणं म्हणजे चढणंच असतं, जमत नसेल तर जमत नाही, त्यात कमीपणा काही नाही. बरेच जण डोंबिवलीहून सुटणारी लोकल धरतात, पण ती पण रिकामी लागत नाही, दिवा-कोपरहून माणसं उलट्या दिशेने आधीच बसून येतात. लेडीज डब्यात सीट सांगायची पद्धत आहे, चढलं की विचारायचं "कुठे उतरणार?", ती म्हणते घाटकोपर, मग तिची सीट तुमची, आणि तुमच्या मागे तिसरीने तुम्हाला सांगून ठेवलेलं असतं. नवीन माणसाला हे शिकायला महिना लागतो. म्हणून घर ठरवायच्या आधी ओळखीच्या कोणाकडे तरी तीन दिवस रहा, सोमवार धरून, आणि तिथून ऑफिस करा, जाताना आणि येतानाही. रविवारी घर बघायला येऊन रिकाम्या गाडीत बसून "एवढं काही लांब नाहीये" म्हणणारे खूप पाहिलेत मी. (रविवारी मेगाब्लॉक असला तर उलटं होतं, त्यावरूनही ठरवू नका.)

मग येतं चालणं, ज्यासाठी यायचंय. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, की सगळी डोंबिवली चालायची नाहीये. स्टेशनच्या जवळचा जो जुना भाग आहे, पूर्वेला रामनगर, टिळकनगर, फडके रोड, मानपाडा रोडची सुरुवात, पश्चिमेला विष्णुनगर, सुभाष रोड, भागशाळा मैदानाच्या आजूबाजूचा, तो खरा पायी फिरण्याचा. नांदिवली, भोपर, देसलेपाडा इकडे नवीन मोठे टॉवर झालेत, लिफ्ट, पार्किंग, बाग सगळं आहे, पण स्टेशनला रिक्षाच लागते. पलावा ही टाऊनशिप तर वेगळंच गाव आहे. एमआयडीसी निवासी भागात रस्ते रुंद, झाडं छान, मला स्वतःला तो भाग आवडतो, पण स्टेशन चालत लांब पडतं आणि केमिकल कारखाने शेजारी आहेत, मे २०१६ आणि मे २०२४ ला जे स्फोट झाले त्यात लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या, हे माहीत असून निर्णय घ्या.

जाहिरातीत आणि एजंटच्या तोंडी "स्टेशनपासून पाच मिनिटं" हे कायम असतं. आम्हाला एका एजंटने दहा मिनिटं सांगितलेलं घर होतं, मी आईंना घेऊन चालले तर सव्वीस मिनिटं झाली, आणि त्यात दोनदा त्यांना टेकायला लागलं. तेव्हापासून माझा नियम असा की बिल्डिंगच्या गेटपासून प्लॅटफॉर्मपर्यंत मोजायचं, स्टेशनपर्यंत नाही, कारण पूल चढणं उतरणं यातच चार-पाच मिनिटं जातात. आणि तीनदा चालायचं. एकदा सकाळी गर्दीच्या वेळी बॅग घेऊन, एकदा संध्याकाळी सात वाजता जेव्हा भाजीवाले, रिक्षा, क्लासची मुलं सगळी एकाच रस्त्यावर असतात आणि फुटपाथ शोधावा लागतो, आणि एकदा रात्री साडेदहानंतर. रात्री बघायचं की दिवे चालू आहेत का, कुठल्या वळणापर्यंत दुकानं उघडी असतात, कुत्री कुठे बसतात. मुलगी उद्या कॉलेजमधून उशिरा येणार असेल तर हे तिसरं चालणं सगळ्यात महत्त्वाचं. स्टेशनच्या १५० मीटरमध्ये फेरीवाले नकोत असा हायकोर्टाचा २०१७ चा निकाल आहे, पण तुम्ही निकालावर चालणार नाही, रस्त्यावर चालणार, तो रस्ता डोळ्याने बघा.

पूर्व पश्चिमेचं पण लक्षात घ्या. मध्ये रेल्वे असल्यामुळे ही दोन वेगळी गावं असल्यासारखी आहेत, पायी जायचं तर स्टेशनचा पूल, गाडीने जायचं तर कोपरचा नाहीतर ठाकुर्लीचा पूल. कोपरचा पूल २०१९ ला बंद झाला तो नवीन होऊन २०२१ ला उघडला, त्या काळात ठाकुर्लीच्या पुलावर जे हाल झाले ते इथल्या कोणालाही विचारा. म्हणून शाळा, डॉक्टर, मंडई ज्या बाजूला तुम्हाला लागणार त्याच बाजूला घर घ्या.

घराबद्दल. स्टेशनजवळ चालत जायचं तर बहुतेक वेळा जुनी बिल्डिंग मिळते, तळमजला अधिक तीन नाहीतर चार, लिफ्ट नाही. म्हणजे आई रस्त्यावर चालतील पण जिना चढतील का, हा प्रश्न आधी. आम्ही पहिला मजलाच बघितला, दुसऱ्याचं घर मोठं होतं तरी सोडलं. महापालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात नाव आहे का बघा. रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू आहेत का ते सोसायटीच्या सेक्रेटरींना सरळ विचारा, भाडेकरू असाल तर वर्षभरात परत सामान बांधायला नको. पश्चिमेला खाडीच्या बाजूला तळमजला बघत असाल तर २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं हे शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, ते भिंतीवर हात लावून दाखवतात. आणि पिण्याच्या पाण्याचं एजंटला विचारूच नका, खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारा, मे महिन्यात टँकर येतो का.

विकत घेणार असाल तर इथे थांबा आणि नीट वाचा. डोंबिवली परिसरात खोटी परवानगी दाखवून महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नंबर मिळवलेल्या ६५ बिल्डिंगचं प्रकरण झालं, २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचा आदेश दिला, आणि आत राहणारी माणसं तुमच्या आमच्यासारखीच कर्ज काढून आलेली. म्हणजे नुसता रेरा नंबर आहे, बँक लोन देतेय, एवढ्यावर समाधान मानू नका. बांधकाम परवानगीचा कागद घेऊन तो खरा आहे का हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन बघायचं, भोगवटा दाखला आणि सातबारा स्वतःच्या वकिलाला दाखवायचा, बिल्डरने सुचवलेल्या नाही. दोन-चार हजार जातील, जाऊदेत.

पण खरं सांगू का, लगेच विकत घेऊच नका. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, करा आणि ते मे अखेरीला सुरू करा. म्हणजे पाण्याची टंचाई पण बघून होते, लगेच पाऊस लागतो, गाड्या लेट, रस्त्यात खड्डे, छत्रीत माणूस मावत नाही, आणि दिवाळीपर्यंत तुम्हाला कळलेलं असतं की आपल्याला झेपतंय का. दिवाळी पहाटेला फडके रोडवर नटूनथटून जी गर्दी जमते ती बघून नको त्यांना पण डोंबिवली आवडायला लागते, म्हणून निर्णय त्याच्या आधी घ्या.

त्या दोघींपैकी एकीचं ऑफिस अंधेरीला आहे, नवरा पण तिकडेच, घरात अजून कोणी नाही. तिला मी स्पष्ट सांगितलं, येऊ नकोस, तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर, चालायला घरात आहे कोण. दुसरी ऐरोलीला जाते, घरी सासरे आणि पाचवीतला मुलगा. तिने टिळकनगरमध्ये एक घर बघितलंय, शनिवारी येतेय, आम्ही गेटपासून प्लॅटफॉर्मपर्यंत चालून बघणार आहोत. येताना सासऱ्यांना बरोबर आण म्हटलंय, रस्ता त्यांच्या चालीने मोजायचाय.