कैफियत देताना या चुका टाळा

दिवाणी दाव्यात प्रतिवादीचं, म्हणजे ज्याच्यावर दावा लावलाय त्याचं, खरं नुकसान उलटतपासाला उभं राहायच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं असतं. समन्स लागल्यापासून तीन महिन्यांत त्याने काय केलं आणि कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, काय लिहून दिलं, त्यावर दाव्याचा पुढचा सगळा रस्ता ठरतो. पक्षकार मात्र या काळात ‘बघू पुढच्या तारखेला’ म्हणत असतो, आणि नवखे वकीलही त्याला फारसं हलवत नाहीत.

पहिली चूक दारातच होते. समन्स घेऊन कोर्टाचा बेलिफ आला की ‘साहेब गावाला गेलेत’ सांगायचं किंवा सही करायला नकार द्यायचा. नकार दिला तर समन्सची प्रत दाराला चिकटवता येते. रजिस्टर पोस्टाचं पाकीट ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्याने परत गेलं, तर समन्स बजावलं गेलं असंच कोर्ट धरतं. प्रतिवादी लवकर भेटण्यासारखा नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरातल्या सज्ञान व्यक्तीकडे, बाई असो वा पुरुष, ते देता येतं. नोकराकडे मात्र नाही. टाळाटाळीने दावा थांबत नाही, फक्त आपण त्यात नसतो.

दुसरी चूक दिवस मोजण्याची. कैफियतीची मुदत समन्स बजावल्यापासून सुरू होते. वकीलपत्र दाखल केल्यापासून किंवा कोर्टातल्या पहिल्या तारखेपासून नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची, पण आजची मुदत 1999 आणि 2002 च्या दुरुस्त्यांतून आली. त्या 1 जुलै 2002 पासून लागू झाल्या: कैफियतीला 30 दिवस, आणि कोर्टाने कारणं नोंदवून वाढ दिली तर जास्तीत जास्त 90. पुढे 2005 मध्ये कैलास विरुद्ध नन्हकू या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा अगदी पोलादी नाही असं सांगितलं. अपवादात्मक कारण असेल तर कोर्ट उशिराची कैफियत घेऊ शकतं. आमच्याकडे त्याचा अर्थ ‘कॉस्ट (उशिराबद्दल कोर्ट भरायला लावतं ती रक्कम) भरली की झालं’ असा लावला गेला. सुधारणेचा निम्मा जीव तिथेच गेला, असं माझं मत आहे. व्यापारी दाव्यात तर ही पळवाटही नाही. तिथे 120 दिवस उलटले की कैफियतीचा हक्कच जातो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, वादपत्राला म्हणजे वादीच्या लेखी दाव्याला मोघम उत्तर देण्याची. ‘वादपत्रातील कलम 4 मधील मजकूर खरा व बरोबर नाही, तो प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ हे वाक्य कलम 1 पासून शेवटपर्यंत चढवत गेलं की कैफियत झाली, असा समज आहे. संहितेचा आदेश 8 नेमकं याच्या उलट सांगतो. प्रत्येक विधान स्वतंत्रपणे आणि नेमकेपणाने नाकारलं पाहिजे. मोघम किंवा निसटता नकार चालत नाही, आणि जे नाकारलं नाही ते कबूल धरलं जाऊ शकतं. समजा वादी म्हणतो, ‘प्रतिवादीने हातउसने 2,00,000 रुपये घेतले.’ उत्तरात ‘2,00,000 रुपये घेतले हे खोटे आहे’ एवढंच लिहिलं, तर 1,90,000 घेतले असतील ही शक्यता उघडी राहते. ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग घेतला नाही, असं लिहावं लागतं. आणि थोडे घेतले असतील तर किती, केव्हा, कसे फेडले तेही.

विधी महाविद्यालयांत मसुदालेखनाचा पेपर सक्तीचा आहे. तरी मुलं नमुने जर्नलमध्ये उतरवून काढतात. एक खरं वादपत्र देऊन ‘यातलं काय कबूल कराल?’ असा प्रश्न विचारला तर वर्ग गप्प होईल. कबूल करण्यासारखं कबूल करणं हेही कौशल्यच आहे. सातबाऱ्यावरचं वादीचं नाव नाकारणाऱ्या प्रतिवादीवर पुढे कोण विश्वास ठेवील?

निशाणी 5 चा, म्हणजे तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाचा, गोंधळही नेहमीचा. त्या अर्जावर घाईने म्हणणं दिलं जातं आणि मूळ कैफियत राहून जाते. एकच मजकूर दोन्हीकडे चालणार असेल तर तशी पुरसीस, म्हणजे कोर्टाला कळवणारी छोटी लेखी नोंद, द्या. कागदपत्रं कैफियतीसोबतच जोडा, नंतर कोर्टाची परवानगी लागते.

एवढं करूनही ‘एकतर्फी’ आदेश, म्हणजे प्रतिवादीशिवाय दावा चालवण्याचा आदेश, झालाच, तर दावा संपला असं समजून घरी बसू नका. तो आदेश रद्द करून मागता येतो. तो रद्द झाला नाही, तरी दावा ज्या टप्प्यावर असेल तिथून पुढे भाग घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्येच संग्राम सिंग प्रकरणात सांगितलं आहे. कैफियत नसली तरी वादीच्या साक्षीदाराचा उलटतपास घेता येतो, फक्त त्यातून स्वतःची नवी बाजू उभी करता येत नाही. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम निर्णयच, झाला असेल तर तो रद्द करून घ्यायला हुकूमनाम्यापासून 30 दिवस मिळतात; समन्स रीतसर लागलंच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून.