मधुमेहात शेंगदाणे-बदाम कसे खावेत?

चहाबरोबर बिस्किटं खायची आणि वर 'तब्येतीला चांगले' म्हणून मूठभर बदामही तोंडात टाकायचे, याने साखर उतरत नाही. बदाम, शेंगदाणे अशा दाण्यांचा फायदा ते कशाच्या जागी खाल्ले यावर असतो. म्हणून पहिलं काम हे: चारच्या चहाबरोबर रोज ठरलेली जी काही खारी, बिस्किटं, फरसाण असेल ती बंद करा आणि त्या जागी दाणे घ्या.

कोणते घ्यायचे? 30 ग्रॅम बदामांत कर्बोदकं साधारण 6 ग्रॅम, त्यातली निम्म्याहून जास्त तंतुमय. बाकी बहुतेक स्निग्धांश आणि प्रथिनं. त्यांच्यामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि साखर एकदम चढत नाही. अक्रोडही चांगले. काजूत कर्बोदकं जरा जास्त, 30 ग्रॅममागे 9 च्या आसपास, पण काजू अगदी वर्ज्य नाहीत. आणि बदाम परवडत नसतील तर मुळीच वाईट वाटून घेऊ नका. कोरडे भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे या कामाला उत्तम आहेत. मसाला शेंगदाण्यांवर बेसनाचं आवरण आणि मीठ असतं, चिक्कीत गूळ असतो. ते यात धरू नका. मनुका आणि खजूर दिवाळीच्या डब्यात बदामांच्या शेजारी बसतात खरे, पण त्यांचं निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच असतं.

आता माप. एकदा वजनकाट्यावर 30 ग्रॅम तोलून घरच्या वाटीत ओता आणि ते कुठपर्यंत येतात ते बघून ठेवा. तेवढ्या शेंगदाण्यांत जवळपास 170 कॅलरी असतात, त्यामुळे टीव्हीसमोर डबा घेऊन बसलात तर वजन वाढलंच समजा. उपवासाला 'खिचडीत दाण्याचं कूट भरपूर आहे, चालेल' असं म्हणण्याची पद्धत आहे. चालत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, कूट त्याला किती आवरणार?

हे सगळं स्वतःच्या ग्लुकोमीटरवर पडताळता येतं. एका दिवशी नेहमीची बिस्किटं खा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दाणे. दोन्ही दिवशी चहा तसाच. हात धुऊन, पुसून खाण्याआधी एकदा तपासा. बोटाला गोड लागलेलं असेल तर आकडा उगाच मोठा येतो. मग पहिला घास घेतल्यापासून 2 तासांनी पुन्हा तपासा आणि दोन आकड्यांमधली वाढ लिहून ठेवा. दोन दिवसांवर निष्कर्ष काढू नका, अशा तीन-चार जोड्या होऊ द्या. आकडे चांगले आले म्हणून गोळ्या मात्र परस्पर कमी करायच्या नाहीत.

साखर 70 च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरू लागले, तर बदाम-शेंगदाणे खाऊ नका. जो गुण एरवी उपयोगी, तोच इथे आड येतो: साखर चढायला वेळ लागतो. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर वर आली आणि जेवायला अवकाश असेल, तर मग दाणे खायला हरकत नाही.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचे दाणे सुरू करू नका, कारण त्यांत पोटॅशियम आणि फॉस्फरस बरंच असतं.