इंजिन तापत असल्यास घरच्या घरी काय तपासावे

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण आत दाबाखाली असलेले कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) उसळून अंगावर येते. थंड इंजिनात कूलंटच्या टाकीतील पातळी किमान खुणेच्या खाली दिसली, तर होजचे (रबरी नळ्यांचे) सांधे आणि वॉटर पंपाखालची जागा निरखावी. वाळलेल्या कूलंटचा पांढुरका किंवा रंगीत थर गळती नेमकी कुठे आहे ते दाखवतो. पातळी ठीक असूनही गाडी उभी असतानाच तापत असेल आणि वेगात तापमानाचा काटा खाली येत असेल, तर पंख्याचा फ्यूज, रिले (पंख्याचा वीजपुरवठा चालू-बंद करणारा स्विच) आणि मोटर, याच क्रमाने तपासावे. काटा चढूनही रेडिएटरचा खालचा होज गार राहिल्यास बहुधा थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारे कूलंट सोडणारी झडप) बंद स्थितीत अडकलेला असतो. डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांमधील सील) खराब झाल्याचा संशय घ्यावा आणि गाडी टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी.